आबासाहेबांच्या घरची राखण

“आता जे सांगतो ते ऐकून तुमच्यातल्या एकानं जरी ‘खरं हाय’ म्हणलं, तर ही कात्री घ्या अन् मेंढराच्या आधी माझ्या मिशा उतरवा,” असं म्हणून ग्यानबानं मांडीखालची मेंढी उताणी केली आणि तिच्या पोटाची लोकर कातरायला घेतली.

लिंबाच्या सावलीत चार-पाच जण कातरणीला बसले होते. येलदरीकडून धरणाच्या सुरुंगांचा आवाज अधूनमधून यायचा आणि सगळा कळप एकदम दचकायचा. झुंबरबाई एका बाजूला लोकरीतले काटे-गोखरू वेचत होती. विषय काढला होता लिंबाजीनं. जिंतुरातल्या एका वकिलानं म्हणे वासराएवढं कुत्रं आणलंय, राखणीचं, आणि घरातली लेकरं त्याच्या पाठीवर बसून अंगणभर फिरतात. लिंबाजीच्या बायकोलाही तसलंच हवं होतं. घरात तान्हं लेकरू. असलं धूड घरात आणावं का आणू नये, एवढंच त्यानं विचारलं होतं.

“हे उमाजीला इचारायचं होतं,” ग्यानबा म्हणाला. “आता तो गेला. पण ही झुंबरा हाय. ती तवा आबासाहेबांच्या घरी झाडलोटीला होती.”

“मला नको ओढू तुज्या गोष्टीत,” झुंबरबाई म्हणाली. “तू बोल. मी काटे येचते.”

मग ग्यानबा बोलायला लागला.

पोलीस ॲक्शन होऊन दुसरा उन्हाळा चालला होता. निजामाची सत्ता गेली, रझाकार पळाले, तहसिलीवरचा झेंडा बदलला. फक्त आबासाहेबांना ते कोणी कळवलं नव्हतं. पूर्णेच्या काठाला त्यांची काळी जमीन होती आणि दर उन्हाळ्यात तिथं उमाजी हटकराची मेंढरं बसायची. मेंढरं रानात बसली की लेंड्यांचं खत पडतं, म्हणून शेतवाला धनगराला जवारी देतो, असा रिवाज. आबासाहेबांचा रिवाज उलटा होता. ते जवारी तर द्यायचे नाहीतच, वर एक कोकरू उचलून न्यायचे. उमाजी गप्प बसायचा. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसाला गप्प बसायची सवय असते.

पण त्याचा कुत्रा होता खंड्या, त्याला ही सवय नव्हती.

खंड्या केवढा होता म्हणाल, तर तो उभा राहिला की त्याच्या सावलीत तीन बकऱ्या बसून रवंथ करायच्या. तो भुंकला की सेलूच्या ठेसनात गाडी शिट्टी न मारताच थांबायची.

“सेलू तिथून किती कोस, मामा?” लिंबाजीनं विचारलं.

“वारा तिकडचा असला तर म्हणतोय मी.”

त्या दिवशी सकाळी आबासाहेब एका गड्याला घेऊन स्वतः कोकरू निवडायला आले. खांद्याला दुनळी बंदूक, अंगात काळा कोट, कोटाला हिन्याचं अत्तर आणि खिशात तपकिरीची डबी. उमाजी विहिरीवर गेला होता. आबासाहेबांनी बोराटीच्या कुंपणावरून वाकून आत हात घातला. खंड्यानं उठून तो हात मनगटाशी तोंडात धरला.

चावला नाही. हे ध्यानात घ्या. चोराला धरून ठेवायचं आणि धनी येईस्तोवर सोडायचं नाही, ही त्याची रीत. दाताचा ओरखडाही उठला नाही. पण उमाजी विहिरीवरून येईपर्यंत आबासाहेब तसेच उभे होते, कुंपणावर कमरेतून वाकून, कुत्र्याच्या तोंडात हात देऊन, आणि पऱ्हाट्या वेचायला आलेल्या दहा-बारा बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या.

उमाजी धापा टाकत आला. म्हणाला, “सोड.” खंड्यानं सोडलं. शेपूट हलवत दोन पावलं मागं सरला आणि उमाजीच्या पायाशी बसला.

आबासाहेबांनी कोटाची बाही झटकली, बंदूक खांद्यावरून काढली आणि बसलेल्या कुत्र्याला गोळी घातली. मग निवडलेलं कोकरू गड्याच्या हातात दिलं आणि निघून गेले.

उमाजीनं पळसाखाली खड्डा खणला. खंड्याला पुरलं, वर हातभर दगड उभा केला, दगडाला शेंदूर फासला. त्याची बायको म्हाळसाबाई रडत होती. तो रडला नाही.

“आबासाहेब ह्या दगडापुढं वाकला पाहिजे,” तो म्हणाला. “त्या दिशी वाकला होता तसाच. कमरेतून.”

“आवं, मोठ्या माणसाशी काय भांडता? चला, दुसऱ्या रानात जाऊ.”

“मारायचा असता तर कुऱ्हाड होती माझ्याजवळ. मारला की तो सुटतो. मला सुटू द्यायचा न्हाई.”

तेव्हापासून उमाजीचं एक ठरून गेलं. सकाळी तोंड धुतलं की पहिली चूळ आबासाहेबांच्या गावाच्या दिशेनं. भाकरी खाताना पहिल्या घासाला त्यांचं नाव घेऊन तो घास असा चावायचा की दाढा वाजायच्या. मेंढ्यांना तहान लागली तरी त्यांच्या विहिरीवर न्यायचा नाही. दोन कोस फिरून नदीच्या डोहावर न्यायचा. मेंढ्या वाळल्या. तोही वाळला. राग मात्र चांगला पोसला.

आणि निर्लज्जपणा बघा. चार महिन्यांनी आबासाहेबांचाच निरोप आला. मुलखात चोऱ्या वाढल्यात, घराला राखण पाहिजे. त्या मेलेल्या कुत्र्याचं एखादं पिल्लू असेल तर पाठवून दे, जात चांगली होती.

निरोप ऐकून उमाजी हसला. खंड्या गेल्यापासून पहिल्यांदा. म्हाळसाबाईला ते हसू बघून घाम फुटला.

“सरकारला म्हणावं, हाय एक पिल्लू,” तो निरोप्याला म्हणाला. “पण कच्चं कुत्रं घरात घालू न्हाई. वरीसभरानं तयार करून देतो. असं तयार करतो की गाव बघत राहील.”

आता धनगर कुत्रं कसं तयार करतो, ते ऐका. पिल्लाचे डोळे उघडायच्या आत त्याला मेंढीच्या आचळाला लावायचं. कोकरांच्या मधे झोपवायचं. माणसानं त्याला फार कुरवाळायचं नाही. मग त्याला वाटतं आपणही मेंढरूच आहोत, फक्त दात थोडे जास्त आहेत. ज्यांच्या उबेत ते वाढलं, त्यांच्यासाठी ते जीव देतं. हे झालं अर्धं शिक्षण. उरलेलं अर्धं म्हणजे लांडग्याच्या कातड्यात भुसा भरायचा, दोरी बांधायची, ते सोंग कळपाभोवती ओढायचं आणि पिल्लाला त्याच्यावर सोडायचं. वर्षभरात पिल्लाला मित्र कोण आणि वैरी कोण ते पक्कं कळतं.

उमाजीनं पिल्लाचं नाव ठेवलं कारभारी. आणि लांडग्याला त्यानं कोट घातला.

“कोणाचा कोट?” लिंबाजीची कात्री थांबली.

“आबासाहेबांचा! तोच काळा. बाही उसवली म्हणून त्यांनी टाकून दिला होता. झुंबरबाईनं उमाजीला दिला.”

“दिला न्हाई,” झुंबरबाई काटा उपटत म्हणाली. “फेकून ये म्हणले, म्या फेकला. उमाजी खाली उभा व्हता, त्येच्या अंगावर पडला.”

तर कोट घातलेला लांडगा. अत्तराचा वास, तपकिरीचा वास, सगळं शाबूत. रोज दुपारी उमाजी तो रानातून ओढत पळायचा आणि ओरडायचा, “आला रे आबा! धर! नरडं धर!” कारभारी झेप घ्यायचा. तीन महिन्यांत तो एवढा वाढला की लांडग्याचा भुसा रोज नवा भरावा लागायचा. सगळ्या शिवारातला कडबा संपला, म्हणून त्या साली जिंतूरच्या बाजारात कडब्याचा भाव चढला.

म्हाळसाबाई एक दिवस म्हणाली, “त्येंच्या घरी लेकरं हायेत. धाकटी कस्तुरा चार वर्षाची हाय. कुत्र्याला काय कळतंय कोण आबा अन् कोण लेकरू?”

उमाजीचा हात थांबला. पोरीचा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता असं नाही. रोज यायचा, आणि रोज तो त्या विचाराला हाकलून लावायचा. “लेकरं अत्तर लावत न्हाईत,” तो म्हणाला आणि दोरी ओढायला लागला. पण त्या दिवशी तो नेहमीपेक्षा थोडा हळू पळाला.

पौषात थंडी अशी पडली की कोकरांच्या नाकातलं पाणी गोठून त्यांना मोत्यांची नथ घातल्यासारखी दिसायची. कारभाऱ्याची दूध-आई असलेली मेंढी त्या थंडीत गेली. पिल्लू कुडकुडायला लागलं. रात्रभर कण्हायचं. म्हाळसाबाईच्यानं बघवेना. ती रोज दिवस मावळताना लांडग्याच्या अंगावरचा कोट काढायची, झटकायची आणि पिल्लाखाली अंथरायची. सकाळी उमाजी उठायच्या आत पुन्हा लांडग्याला घालायची. सगळा पौष आणि सगळा माघ.

दिवसा घटकाभर ज्याच्याशी झटापट करायची, रात्रभर त्याच्याच उबेत निजायचं. कुत्रं यातलं काय लक्षात ठेवील, हे धनगराच्या दुधपित्या पोरालाही कळतं. पण सूड डोक्यात भरलेला माणूस आपल्याच घरातलं अंथरूण बघत नाही.

वर्ष भरलं. उमाजी कारभाऱ्याला घेऊन आबासाहेबांच्या ओसरीपुढं उभा राहिला. आबासाहेब बाहेर आले, अंगात नवा कोट, अत्तर तेच. मागून त्यांच्या बायको नर्मदाबाई, दोन पोरगे, कडेवर कस्तुरा.

नर्मदाबाई म्हणाल्या, “अगं बाई, केवढं हे! घरात लहान लेकरं आहेत. चावणार तर नाही ना?”

“बाईसाहेब,” उमाजी म्हणाला, “आजवर ह्यानं एका मेंढराला दात लावला न्हाई.”

आणि त्यानं दोरी सोडली.

कारभारी सरळ आबासाहेबांकडं गेला. कुत्र्यानं कोट हुंगला, बाही हुंगली, खिसा हुंगला. मग बाजेवर आडवं होताना म्हातारा माणूस सोडतो तसा एक लांब सुस्कारा सोडला आणि आबासाहेबांच्या जोड्यावर हनुवटी टेकवून डोळे मिटले.

“याला म्हणतात खानदान!” आबासाहेब म्हणाले. “आजपासून याचं नाव सुलतान.”

कस्तुरा कडेवरून घसरली आणि तिनं कुत्र्याचे दोन्ही कान धरले. कुत्र्यानं एक डोळा उघडला, तिला बघितलं, मग एकेक करून घरातल्या सगळ्यांना बघितलं. उमाजीला ती नजर ओळखीची होती. कळप मोजताना कुत्रं असं बघतं.

तो घरी आला तो दगडासारखा बसला. म्हाळसाबाईनं पाणी दिलं आणि थंडीतली कोटाची गोष्ट सांगून टाकली.

“वरीसभर मी सूड पोसला,” तो म्हणाला, “अन् तू तो अंथरूण करून वापरला.”

“लेकरू कुडकुडत होतं,” ती म्हणाली.

इथं दुसऱ्या कोणाची गोष्ट संपली असती. पण ते कुत्रं खंड्याचं होतं. आठ दिवसांनी झुंबरबाई बाजाराला आली आणि तिनं काय सांगितलं? सुलतान आबासाहेबांच्या घराला कळप समजायला लागला. दिवस मावळायला कासराभर राहिला की एकेकाला घरात हाकायचा. पोरांना ढुशी देऊन, नर्मदाबाईंचा पदर धरून, आबासाहेबांचं मनगट तोंडात घेऊन. चावायचा नाही, सोडायचाही नाही. सगळी आत आली की उंबऱ्यावर आडवा पडायचा. बाहेरचा आत येणार नाही, आतला बाहेर जाणार नाही. एवढी घट्ट राखण निजामाच्या तिजोरीलासुद्धा नव्हती.

परभणीच्या कोर्टात आबासाहेबांची तारीख होती. सुलताननं मोटारीच्या पायरीवरून त्यांना धोतर धरून उतरवलं आणि घरी आणलं. तारीख गेली, दावा गेला. थोरल्या पोराला बघायला सेलूचे पाहुणे आले. त्यांना त्यानं वेशीवरूनच परत हाकललं, पोरीच्या आईच्या साडीचा काठ ठेवून घेतला. आबासाहेबांनी बंदूक काढली, तर त्यानं ती हळूच हातातून घेतली आणि हौदात नेऊन टाकली. कोकराच्या तोंडातलं धोत्र्याचं पान काढावं तशी. पुढं पुढं घरातली माणसं चालताना एकामागं एक चालायला लागली. आबासाहेब पुढं, त्यांच्यामागं नर्मदाबाई, मग पोरं. नर्मदाबाई दिवसभर रवंथ करायच्या.

“पान खायच्या त्या,” झुंबरबाई म्हणाली.

“पान म्हणजे पालाच की! हिरवा पाला.”

सगळे हसले. झुंबरबाईही थोडी हसली.

उमाजीला एकेक बातमी कळायची आणि त्याच्या अंगावर मूठमूठ मांस चढायचं. शेवटी तो निरोप आला, ज्याची तो वाट बघत होता. तुझं कुत्रं घेऊन जा.

उमाजीनं उलट निरोप धाडला. “नेतो. आधी पळसाखालच्या दगडापुढं येऊन वाका.”

“मी? कुत्र्यापुढं?” आबासाहेबांनी तपकिरीची डबी भिंतीवर मारली, असं म्हणतात.

पंधरा दिवस गेले. महिना गेला. वेचणीला आलेला कापूस रानात फुटून वाऱ्यावर उडाला, आणि धन्याला बांधावर जाता येईना. उमाजी रोज पळसाखाली जाऊन बसायचा, दगडाला हात लावून म्हणायचा, “थांब खंड्या, थोडं थांब.” आबासाहेब येणार नाहीत हे त्याला पक्कं कळलं, तेव्हा तो उठला. आबासाहेबांच्या शिवारातल्या उंच बांधावर उभा राहिला, तोंडाजवळ हात धरले आणि कळप नदीपार न्यायची हाळी दिली.

ती हाळी कारभाऱ्यानं पिल्लू असल्यापासून ऐकली होती. तो उंबऱ्यावरून उठला. आणि भर दिवसा, सगळं गाव बघत असताना, आबासाहेबांच्या घरातून कळप निघाला! पुढं आबासाहेब, अंगात कोट, पायात जोडा एकच. मागं नर्मदाबाई, पोरगे, स्वैपाकीण, दिवाणजी, दोन मांजरं. सगळ्यात शेवटी कस्तुरा, कुत्र्याच्या पाठीवर बसून टाळ्या पिटत. पूर्णेच्या कोरड्या पात्रातून रांग चालली. कोणी फुटलं की सुलतान वळसा घालून त्याला रांगेत आणायचा. पळसापाशी कळप थांबला.

उमाजी दगडाशेजारी उभा होता. आबासाहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मागं कुत्रं होतं. समोर दगड होता. मग...

ग्यानबानं मेंढी सोडून दिली. उठून उभा राहिला, कात्री हातात तशीच, आणि कमरेतून हळूहळू वाकला, वाकला, पार जमिनीपर्यंत.

“असा वाकला. शेंदूर कपाळाला लागला. अन् म्हणाला, ‘खंड्या, चुकलं माझं.’ उमाजीनं ते ऐकलं, आपल्या कानांनी ऐकलं, अन् म्हणाला...”

“खोटं हाय, ग्यानबा.”

झुंबरबाईनं मांडीवरची लोकर बाजूला ठेवली होती.

“उमाजी बांधावर न्हाई, फाटकात आला व्हता. म्या अंगण झाडीत व्हते. त्यानं तीनदा हाळी दिली. तिसऱ्या हाळीला कुत्रं उठलं, कस्तुराला पाठीमागं घातलं अन् उमाजीवरच गुरगुरलं. आबासायेब ओसरीवर पान लावीत व्हते. ते उठले बी न्हाईत, दगडापुढं वाकायचं तर लांबच.”